विधिसंशोधन व विधिलेखन : विधिसाहाय्यकाचे प्रशिक्षण

एखाद्या वादप्रश्नास कोणता विधी लागू होतो हे शोधून काढणे, तो विधी अद्याप अंमलात असल्याची खात्री करून घेणे आणि प्रस्तुत वस्तुस्थितीस तो कसा लागू पडतो हे लेखी मांडणे, या परस्परावलंबी क्रियांपैकी पहिल्या दोहोंस विधिसंशोधन व तिसरीस विधिलेखन असे म्हणतात. वकिली व्यवसायात या कामाचा पुष्कळसा भाग वकिलाच्या देखरेखीखाली त्याचा प्रशिक्षित साहाय्यक करतो. अशा साहाय्यकास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘पॅरालीगल’ ही संज्ञा रूढ असून प्रस्तुत नोंदीत त्यास विधिसाहाय्यक असे म्हटले आहे.

विधिसाहाय्यक हा वकील नव्हे. सर्वसाधारणपणे त्याला न्यायालयात पक्षकाराची बाजू मांडता येत नाही, अशिलास कायदेशीर सल्ला देता येत नाही व न्यायालयास सादर करावयाच्या निवेदनावर सही करता येत नाही. तथापि ज्या निवेदनावर वकील सही करतो, त्यातील आधार अनेकदा विधिसाहाय्यकानेच गोळा केलेले असतात. तेथे राहून गेलेली चूक वकिलाच्या सहीने दुरुस्त होत नाही. उलट तिच्यावर विश्वासार्हतेचा शिक्का बसतो आणि तिची किंमत अखेर अशिलास मोजावी लागते. म्हणूनच या शिक्षणात विधी पाठ असण्यापेक्षा प्रत्येक विधान मूळ साधनाशी ताडून पाहण्याच्या सवयीस अधिक महत्त्व आहे.

इतिहास : वकिलांच्या कार्यालयात लेखनिक व कारकून पूर्वापार होते, परंतु विधिविषयक काम करणारा स्वतंत्र प्रशिक्षित वर्ग अमेरिकेत १९६०–७० या दशकात उदयास आला. वकिलांचे वाढते शुल्क सामान्य पक्षकारास परवडेनासे झाले होते आणि गरिबांसाठी निघालेल्या विधिसाहाय्य केंद्रांत वकिलांची संख्या अपुरी पडत होती. अमेरिकन बार ॲसोसिएशन या वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेने १९६८ मध्ये या प्रश्नाच्या विचारासाठी एक खास समिती नेमली, १९७३ मध्ये विधिसाहाय्यकांच्या अभ्यासक्रमांविषयी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आणि १९७५ पासून अभ्यासक्रमांना मान्यता देण्यास आरंभ केला. याच सुमारास विधिसाहाय्यकांच्या दोन राष्ट्रीय संघटना अनुक्रमे १९७४ व १९७५ मध्ये स्थापन झाल्या. त्यांपैकी दुसरीने १९७६ पासून ऐच्छिक प्रमाणपत्र परीक्षा सुरू केली.

या कामास न्यायालयीन प्रतिष्ठा मिळाली ती मिसूरी विरुद्ध जेंकिन्स या १९८९ च्या खटल्यात. कॅन्सस सिटीच्या शाळांतील वांशिक विभक्ततेविरुद्धच्या या दीर्घ वादात जिंकलेल्या पक्षास प्रतिपक्षाकडून वकिलाचे शुल्क मिळावयाचे होते. विधिसाहाय्यकाच्या कामाची भरपाई केवळ प्रत्यक्ष खर्चाइतकी द्यावी, असे राज्याचे म्हणणे होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारून, बाजारात तशी प्रथा असेल तेथे ही भरपाई प्रचलित बाजारदराने देता येते, असा निर्णय दिला. त्याचबरोबर निव्वळ कारकुनी स्वरूपाचे काम, ते कोणीही केले असले तरी, या दराने आकारता येणार नाही, असेही न्यायालयाने एका तळटीपेत नमूद केले. विधिसाहाय्यकाचे काम व कारकुनी काम यांत त्यायोगे सीमारेषा आखली गेली. संशोधन व लेखन हे या रेषेच्या पलीकडचे, म्हणजे कौशल्याचे, काम होय.

विधीची साधने : विद्यार्थ्यास प्रथम प्राथमिक व दुय्यम साधनांतील भेद शिकविला जातो. संविधान, विधिमंडळाचे अधिनियम, प्रशासकीय नियम व न्यायनिर्णय ही प्राथमिक साधने होत; ती स्वतःच विधी असतात. टीकाग्रंथ, विधिकोश, विश्वकोश, विधिपत्रिकांतील लेख ही दुय्यम साधने होत. ती विधीविषयी बोलतात, पण स्वतः विधी नसतात. अपरिचित विषयाची पहिली ओळख दुय्यम साधनांतून करून घ्यावी आणि अंतिम आधार मात्र प्राथमिक साधनाचा द्यावा, असा सर्वसाधारण संकेत आहे.

अमेरिकेत संघराज्याचा विधी व पन्नास घटकराज्यांचे विधी शेजारी शेजारी नांदतात. त्यामुळे प्रश्न कोणत्या अधिकारक्षेत्रात मोडतो, हे ठरविल्याविना शोधास आरंभ करता येत नाही. संघराज्याचे सर्वसाधारण व स्थायी अधिनियम विषयवार मांडणारी संहिता १९२६ मध्ये प्रथम सिद्ध झाली, तर प्रशासकीय नियमांचे दैनिक राजपत्र १९३६ पासून निघू लागले. न्यायनिर्णयांपैकी सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय संघराज्याच्या विधीपुरते सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतात. संघीय अपील न्यायालयाचा निर्णय त्याच्या मंडळातील जिल्हा न्यायालयांना बांधून घेतो, परंतु दुसऱ्या मंडळात तो केवळ मार्गदर्शक ठरतो. बंधनकारक व मार्गदर्शक आधारांतील हा भेद न ओळखणे, हा नवशिक्याचा सर्वांत सामान्य दोष मानला जातो. दूरच्या न्यायालयाचा अनुकूल निर्णय हाती लागला म्हणून जवळच्या न्यायालयाचा प्रतिकूल निर्णय नाहीसा होत नाही.

निर्णयसंग्रह, सारसंग्रह व संदर्भोल्लेख : न्यायनिर्णय कालक्रमाने छापले जातात, शोधकर्त्यास मात्र ते विषयानुसार हवे असतात. ही अडचण दूर करण्याचे श्रेय मुख्यतः जॉन बी. वेस्ट या प्रकाशकाकडे जाते. मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथे त्याने १८७६ मध्ये निर्णयांची एक पत्रिका सुरू केली. तिच्यातूनच पुढे देशातील सर्व विभाग व्यापणारी निर्णयसंग्रहांची मालिका वाढली. प्रत्येक निर्णयातील विधिमुद्दे निरनिराळे करून त्यांना विषय व क्रमांक देण्याची पद्धती या प्रकाशनसंस्थेने रूढ केली. चारशेहून अधिक विषयांत विभागलेल्या या पद्धतीमुळे एका निर्णयातील मुद्द्याच्या क्रमांकावरून त्याच मुद्द्यावरील अन्य राज्यांचे निर्णय सारसंग्रहात सापडतात.

निर्णय कोठे छापला आहे हे सांगणाऱ्या संक्षिप्त खुणेस संदर्भोल्लेख म्हणतात. उदा., वर निर्देशिलेल्या जेंकिन्स खटल्याचा संदर्भोल्लेख ‘४९१ यू. एस. २७४ (१९८९)’ असा आहे. त्याचा अर्थ, सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकृत निर्णयसंग्रहाचा ४९१ वा खंड, पृष्ठ २७४, निर्णयाचे वर्ष १९८९. अशा खुणांचे नियम सांगणारी व ‘ब्लूबुक’ या नावाने ओळखली जाणारी पुस्तिका प्रथम १९२६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत पुढे वारंवार सुधारणा झाल्या. विद्यार्थ्यांना हे नियम बहुधा रुक्ष वाटतात. परंतु संदर्भोल्लेख म्हणजे वाचकास दिलेले एक आश्वासनच असते : या पानावर गेल्यास हेच विधान सापडेल. अंक चुकला की आश्वासन मोडते.

संशोधनाची पद्धती : संशोधनाचा आरंभ ग्रंथालयात नव्हे, तर वस्तुस्थितीच्या वाचनात होतो. पक्षकार कोण, घटना कोठे व केव्हा घडली, कोणता उपाय हवा आहे, प्रतिपक्षाचा संभाव्य बचाव काय, या गोष्टी प्रथम टिपून घ्याव्या लागतात. त्यांतून एक किंवा अधिक विधिप्रश्न तयार होतात. पद्धती स्पष्ट व्हावी म्हणून वर्गात देता येण्याजोगे एक उदाहरण पाहू. एका लहान कंत्राटदार कंपनीने संघीय शासनाविरुद्धचा दावा प्रशासकीय मंडळापुढे जिंकला आहे. तिच्या वकिलाच्या देयकात विधिसाहाय्यकाच्या कामाचे तास वेगळे दाखविले आहेत. ही रक्कम शासनाकडून बाजारदराने वसूल करता येईल काय, हा प्रश्न आहे.

पहिली पायरी अधिनियमाची. शासनाविरुद्ध जिंकलेल्या पक्षास शुल्क मिळण्याची तरतूद १९८० च्या एका संघीय अधिनियमात आहे. विद्यार्थ्याने संबंधित कलम संपूर्ण वाचणे आवश्यक असते. कारण हक्क एका उपकलमात आणि त्याच्या अटी दुसऱ्या उपकलमात दडलेल्या असतात. या कलमानुसार कंपनीची निव्वळ मालमत्ता ७० लक्ष डॉलरांहून अधिक व नोकरांची संख्या ५०० हून अधिक नसावी लागते. शासनाची भूमिका पुरेशा प्रमाणात समर्थनीय ठरल्यास शुल्क मिळत नाही. आणि अर्ज अंतिम निकालापासून तीस दिवसांच्या आत करावा लागतो. विचारलेला प्रश्न दराचा होता. पण मुदत टळली असेल तर दराचे उत्तर निरुपयोगी ठरते. न विचारलेला पण निर्णायक असा मुद्दा वकिलाच्या नजरेस आणणे, हे चांगल्या संशोधनाचे लक्षण होय.

दुसरी पायरी निर्णयांची. कलमात वकिलाच्या वाजवी शुल्काचा उल्लेख आहे, विधिसाहाय्यकाचा नाही. शोध घेता जेंकिन्सचा निर्णय हाती येतो व तो अनुकूल दिसतो. अनेक विद्यार्थी येथेच थांबतात. परंतु जेंकिन्सचा निर्णय नागरी हक्कांच्या खटल्यांतील शुल्काविषयीच्या १९७६ च्या निराळ्या अधिनियमावर आधारलेला आहे. दोन अधिनियमांतील शब्दयोजना भिन्न असल्याने एकाचा अर्थ दुसऱ्यास आपोआप लागू होत नाही. म्हणून जेंकिन्सचा पुढे कोणी व कसा आधार घेतला, हे पाहावे लागते. त्या शोधात रिचलिन सिक्युरिटी सर्व्हिस कंपनी विरुद्ध चेर्टॉफ हा २००८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय सापडतो. लॉस अँजेल्स विमानतळावर पहाऱ्याची सेवा पुरविणाऱ्या कंपनीने शासनाविरुद्ध मिळविलेल्या विजयानंतरचा हा वाद होता. विधिसाहाय्यकाचे काम हा केवळ खर्च असून तो मूळ किमतीनेच द्यावा, हे शासनाचे म्हणणे अमान्य करून न्यायालयाने १९८० च्या अधिनियमाखालीही प्रचलित बाजारदर मान्य केला. जेंकिन्स हा जवळचा आधार होता. रिचलिन हा नेमका आधार आहे. या दोहोंतील अंतर पार करणे म्हणजेच संशोधन.

शोध करीत असताना पाहिलेली साधने, वापरलेले शब्द, तारीख व निष्पत्ती यांची नोंद ठेवण्याची शिस्त विद्यार्थ्यास लावली जाते. अशा नोंदीमुळे काम दुसऱ्याच्या हाती सोपविता येते व तोच शोध पुन्हा करावा लागत नाही. शोध केव्हा थांबवावा या प्रश्नाचे उत्तरही तीत मिळते. अधिनियम, सारसंग्रह व टीकाग्रंथ अशा वेगवेगळ्या वाटांनी गेल्यावरही तेच ते आधार पुनःपुन्हा समोर येऊ लागले, म्हणजे शोध बहुधा पूर्णत्वास आला असे समजतात.

निर्णयाचे वाचन व टाचण : न्यायनिर्णयाचे टाचण काढणे हा विधिशिक्षणातील जुना पाठ आहे. त्यात वस्तुस्थिती, खालच्या न्यायालयांतील वाटचाल, उपस्थित प्रश्न, निर्णय व त्याची कारणमीमांसा हे घटक वेगवेगळे लिहिले जातात. निकालास आवश्यक असलेले तत्त्व बंधनकारक असते. ओघात केलेली विधाने बंधनकारक नसतात. जेंकिन्समधील कारकुनी कामाविषयीची टीप तळटीपेत असली, तरी ती न्यायालयाच्या बहुमताच्या निर्णयपत्राचा भाग आहे. याउलट एखाद्या न्यायाधीशाच्या भिन्नमतपत्रातील आकर्षक वाक्य विधी म्हणून उद्धृत करता येत नाही.

निर्णयाच्या आरंभी छापलेला सारांश अथवा शिरोटीप हीदेखील निर्णयाचा भाग नसते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०६ मध्येच डेट्रॉइट टिंबर अँड लंबर कंपनीच्या खटल्यात ही गोष्ट स्पष्ट केली आणि त्या खटल्याचा निर्देश न्यायालयाच्या निर्णयांच्या सारांशावर आजही केला जातो. शिरोटीप वाट दाखविते. मुक्कामास मात्र मूळ निर्णयच वाचावा लागतो.

प्रामाण्याची पडताळणी : विधी स्थिर नसतो. अधिनियमात दुरुस्ती होते, तो निरसित होतो, निर्णय वरिष्ठ न्यायालयात फिरविला जातो किंवा पुढील खटल्यात अमान्य ठरतो. छापील ग्रंथातील निर्णय मात्र पूर्वीइतकाच अधिकृत दिसत राहतो. १८९६ च्या प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या निर्णयाने वांशिक विभक्ततेस मान्यता दिली होती. १९५४ मध्ये ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन या निर्णयाने सार्वजनिक शिक्षणाच्या क्षेत्रात ते तत्त्व झिडकारले. पहिला निर्णय ग्रंथालयातील कपाटातून कोणीही काढला नाही. तो वाचून पुढचे न पाहणारा शोधकर्ता मात्र फसेल.

या अडचणीवर फ्रँक शेपर्ड याने १८७३ मध्ये शिकागो येथे उपाय शोधला. एखाद्या निर्णयाचा पुढील कोणत्या निर्णयांत उल्लेख झाला, हे दाखविणाऱ्या डिंक लावलेल्या छापील चिठ्ठ्या तो वकिलांना पुरवी. त्या निर्णयसंग्रहाच्या समासात चिकटविल्या जात. पुढे त्यांचे ग्रंथ झाले आणि पडताळणीच्या क्रियेसच अमेरिकी वकिलांच्या बोलीत शेपर्डचे नाव मिळाले. आता हे काम संगणकीय सूचींद्वारे होते व निर्णयाशेजारी इशाऱ्याची रंगीत खूण दिसते. परंतु ती खूण संपादकीय मत असते. निर्णयाचा कोणता मुद्दा अमान्य झाला व कोणता शाबूत आहे, हे इशारा देणारा पुढील निर्णय वाचूनच ठरवावे लागते.

विधिलेखन : विधिसाहाय्यकाचे लेखन प्रामुख्याने दोन प्रकारचे असते. कार्यालयीन टिपणात वकिलास प्रश्नाचे तटस्थ उत्तर दिलेले असते. न्यायालयीन निवेदनाच्या मसुद्यात एका पक्षाची बाजू पटवून द्यावयाची असते. शिक्षणात पहिल्या प्रकारास अग्रक्रम असतो, कारण प्रतिकूल आधार दडपण्याची सवय टिपणात लागली तर वकील न्यायालयात बेसावध सापडतो. शिवाय अमेरिकन बार ॲसोसिएशनने १९८३ मध्ये स्वीकारलेल्या आणि बहुतेक राज्यांनी थोड्याफार फरकाने अंगीकारलेल्या आदर्श नियमांनुसार, प्रतिपक्षाने न दाखविलेला थेट विरोधी असा बंधनकारक आधार माहीत असल्यास तो न्यायालयाच्या नजरेस आणणे हे वकिलाचे कर्तव्य आहे.

टिपणाचे घटक सामान्यतः पाच असतात : प्रश्न, थोडक्यात उत्तर, वस्तुस्थिती, विवेचन व निष्कर्ष. विवेचनात प्रत्येक मुद्दा प्रश्न, नियम, उपयोजन व निष्कर्ष या क्रमाने मांडण्याची पद्धती रूढ आहे. या चौकटीतील नियम सर्वांना साधतो. कठीण असते ते उपयोजन. वरील उदाहरणातील उपयोजनाचा परिच्छेद पुढीलप्रमाणे होऊ शकेल : ‘रिचलिन निर्णयानुसार विधिसाहाय्यकाचे शुल्क बाजारदराने वसूल करता येते. देयकातील पहिली नोंद साक्षींच्या सारांशाची व दुसरी पूर्वनिर्णयांच्या शोधाची आहे; या दोन्ही कामांना विधिविषयक कौशल्य लागते, म्हणून त्या या दराने मागता येतील. तिसरी नोंद कागदपत्रांच्या प्रती काढून त्या लावून ठेवण्याची आहे. जेंकिन्समधील निरीक्षणानुसार ती कारकुनी ठरण्याचा संभव असल्याने मागणीतून वेगळी काढावी.’ येथे नियम सांगून लेखक थांबलेला नाही. त्याने प्रत्येक वस्तुस्थिती नियमापुढे उभी केली आहे आणि जेथे उत्तर निश्चित नाही तेथे ‘संभव’ हा शब्द जाणीवपूर्वक वापरला आहे.

विधिलेखनाची भाषा ललित लेखनाहून भिन्न असते. निबंधात एकाच वस्तूसाठी निरनिराळे शब्द योजणे हा गुण ठरतो. विधिलेखनात तो दोष होय. एका परिच्छेदात ‘भाडेकरार’ व दुसऱ्यात ‘भाडेपट्टा’ असे लिहिल्यास दोन वेगळे दस्तऐवज आहेत असा समज होतो. ‘आणि’ व ‘किंवा’, ‘करील’ व ‘करू शकेल’ या शब्दांतील फरकाने कर्तव्याचे रूपांतर विवेकाधिकारात होऊ शकते. अधिनियमाचा मजकूर उद्धृत करताना तो जसाच्या तसा घ्यावा लागतो. वगळलेला भाग खुणेने दाखवावा लागतो आणि वगळल्याने अर्थ पालटत नाही ना, हे पाहावे लागते. लांबलचक अवतरणांमागे लपण्याची प्रवृत्तीही टाळावयास शिकवितात. आधार लेखकाने स्वतः समजून घेतला आहे की नाही, हे त्याने तो स्वतःच्या शब्दांत थोडक्यात मांडल्यावरच कळते.

मर्यादा व व्यावसायिक नीती : अमेरिकेत परवान्यावाचून वकिली करणे निषिद्ध आहे. विशिष्ट व्यक्तीच्या विशिष्ट वस्तुस्थितीस विधी लावून तिने काय करावे हे सांगणे, ही वकिली समजली जाते. विधिसाहाय्यक हेच उपयोजन टिपणात वकिलासाठी करतो. तेच शब्द त्याने दूरध्वनीवर अशिलास सांगितले तर मात्र मर्यादेचा भंग होतो. म्हणजे कामाचे स्वरूप तेच असूनही ते कोणासाठी व कोणाच्या जबाबदारीवर केले, यावर त्याची वैधता अवलंबून असते. उपर्युक्त आदर्श नियमांनुसार साहाय्यकाच्या वर्तनावर वाजवी देखरेख ठेवण्याची जबाबदारी वकिलावर आहे. अशिलाच्या माहितीची गुप्तता साहाय्यकासही पाळावी लागते.

ही मर्यादा सर्वत्र सारखी नाही. कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात २००७ पासून विधिसाहाय्यकांना परवाना दिला जातो व ठरावीक प्रकारच्या वादांत ते स्वतंत्रपणे पक्षकाराची बाजू मांडू शकतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने २०१२ मध्ये मर्यादित परवान्याची योजना आखली. २०२० मध्ये ती नव्या उमेदवारांसाठी बंद करण्याचा निर्णय झाला. ॲरिझोना राज्याने मात्र २०२१ पासून तशा स्वरूपाची योजना अंमलात आणली. वकील परवडत नसलेल्यांना न्याय सुलभ व्हावा व अपुऱ्या ज्ञानापासून त्यांचे रक्षणही व्हावे, या दोन हेतूंतील ताण या प्रयोगांमागे आहे.

संगणकीय साधने : निर्णयांचा संगणकीय शोध १९७३ मध्ये लेक्सिस व १९७५ मध्ये वेस्टलॉ या सेवांमुळे व्यवहारात आला. शब्दांवरून शोध घेण्याची सोय झाली. परंतु न्यायाधीशाने निराळा शब्द वापरला असेल तर तो निर्णय निसटण्याचा धोकाही आला. म्हणून विषयवार सूचीचे ज्ञान अद्याप शिकविले जाते.

अलीकडे मजकूर रचणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी निराळाच प्रश्न निर्माण केला आहे. माटा विरुद्ध एव्हिआंका या न्यूयॉर्कच्या संघीय जिल्हा न्यायालयातील खटल्यात विमानप्रवासात झालेल्या दुखापतीचा दावा मुदतबाह्य असल्याचा बचाव होता. त्यास उत्तर देताना वादीच्या वकिलांनी चॅटजीपीटी या साधनाने पुरविलेले निर्णय उद्धृत केले. त्यांपैकी अनेक अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने प्रती मागितल्या असता त्याच साधनाकडून मिळालेले उतारे सादर करण्यात आले. २२ जून २०२३ रोजी न्यायालयाने संबंधितांना ५,००० डॉलरांचा दंड केला. संदर्भोल्लेखाची बाह्य रचना त्या निवेदनात निर्दोष भासत होती. खंड होता, पृष्ठ होते, वर्ष होते. नव्हता तो केवळ निर्णय. खंड उघडून पान पाहण्याची जी सवय विद्यार्थ्यास पहिल्या सत्रात लावली जाते, तीच येथे पुरेशी ठरली असती.

भारतातील स्थिती : भारतात अमेरिकेसारखा विधिसाहाय्यकांचा संघटित व्यवसाय रूढ झालेला नाही. शोधाचे काम बहुधा कनिष्ठ वकील व विधी महाविद्यालयांचे विद्यार्थी करतात, तर दाखल्यांचे व नोंदींचे काम वकिलाचा कारकून पाहतो. ‘पॅरालीगल’ हा शब्द येथे मुख्यतः राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २००९ च्या योजनेतील स्वयंसेवकांसाठी वापरला जातो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खालील मोफत विधिसेवा व गरजू नागरिक यांमधील दुवा म्हणून हे स्वयंसेवक काम करतात. त्यांच्याकडून पूर्वनिर्णयांच्या शोधाची अपेक्षा नसली, तरी अर्जातील वस्तुस्थिती अचूक लिहिणे व योग्य तरतूद दाखविणे ही कौशल्ये त्यांनाही लागतात. त्यांच्यापुढे बसलेल्या माणसाजवळ ती चूक पकडणारा दुसरा कोणी बहुधा नसतो.

संशोधनाची तत्त्वे भारतातही तीच आहेत. संविधानाच्या अनुच्छेद १४१ अन्वये सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला विधी सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो; महाराष्ट्र व गोव्यातील दुय्यम न्यायालयांना त्याखालोखाल मुंबई उच्च न्यायालयाचे निर्णय बांधून घेतात. १८७५ च्या अधिनियमाने अधिकृत निर्णयसंग्रहांस आधार मिळाला. १८९९ पासून निघू लागलेले बॉम्बे लॉ रिपोर्टर, नागपूरहून प्रकाशित होणारे ऑल इंडिया रिपोर्टर व १९६९ पासूनचे सुप्रीम कोर्ट केसेस हे खाजगी संग्रह वकिलांच्या नित्य वापरातील होत. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निर्णयसंग्रह २०२३ पासून संगणकावर विनामूल्य उपलब्ध झाले असून निर्णयांना प्रकाशकनिरपेक्ष क्रमांक देण्याची पद्धतीही त्याच वर्षी सुरू झाली. त्यामुळे महागड्या संग्रहांवाचून तालुक्याच्या ठिकाणी बसूनही मूळ निर्णय वाचता येतो.

पडताळणीची आवश्यकता येथे १ जुलै २०२४ रोजी विशेषत्वाने जाणवली. त्या दिवसापासून १८६० च्या भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहिता, २०२३ ने घेतली. फसवणुकीसाठी लोकांच्या तोंडी रुळलेले कलम ४२० आता कलम ३१८ मध्ये आले आहे. परंतु त्या तारखेपूर्वी घडलेल्या अपराधास जुनीच संहिता लागू होते. अर्ज लिहिणाऱ्याने घटनेची तारीख प्रथम विचारली नाही, तर कलम पाठ असूनही ते चुकीचे ठरेल.

महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांत मराठीचा वापर होतो, तर उच्च व सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय मूळ इंग्रजीत दिले जातात. त्यामुळे मराठीत विधिलेखन करणाऱ्यास आधार एका भाषेत वाचून दुसरीत मांडावा लागतो. अशा वेळी शासनमान्य परिभाषा सातत्याने वापरणे व शंका असेल तेथे मूळ शब्द तपासणे हाच सुरक्षित मार्ग होय. आधाराचे मूळ, त्याचे आजचे प्रामाण्य व प्रस्तुत वस्तुस्थितीशी त्याचा संबंध या तीन कसोट्या कोणत्याही भाषेतील विधिलेखनास सारख्याच लागू पडतात. त्या न चुकता लावणारा साहाय्यक वकिलाचा वेळ वाचवितोच. शिवाय ज्या पक्षकारास हे काम कधी दिसतही नाही, त्याच्या हक्काचे तो रक्षण करतो.